मालमोटारीचा संसार

पनवेल हे मूळचे गाड्यांचे गाव. मुंबईहून माणसे आणि माल पडावाने पनवेलच्या बंदरात उतरावयाचा आणि तेथून बैलगाडीने बोरघाट चढून देशावर जावयाचा, हा रिवाज रेल्वेच्या आधीचा. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून पनवेलची वर्दळ वाढली. गाडीची चाके बनविण्याचा धंदा येथे असा भरभराटीला आला होता की जुन्या सरकारी गॅझेटियरात त्याची मुद्दाम नोंद झाली आहे. पुढे १८६३ साली रेल्वे घाट चढून गेली. पण ती गेली कर्जतवरून, आणि पनवेलचे गाडीवान काही काळ मागे पडले.

ती गाडी आता परत आली आहे. बैलांच्या जागी इंजिन आले, एवढेच. १९८९ साली न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. सिडकोने कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार वसविला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, त्याचे एक तोंड कळंबोलीलाच आहे. तळोजे आणि पाताळगंगा या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर आहेत. कळंबोलीहून पुण्याला, न्हावाशेव्याला, मुंब्र्याला आणि मुंबईला वाटा फुटतात; पळस्प्याला गेले की गोव्याचा रस्ता लागतो. या साऱ्या वाटांवर ज्या मालमोटारी रात्रंदिवस चालतात त्यांच्याकडे आपण नागरिक दोनच प्रसंगी लक्ष देतो: त्या आपल्या मोटारीच्या पुढे असल्या म्हणजे, आणि अपघात झाला म्हणजे. त्यांच्या चाकामागे बसलेल्या माणसाचा हिशेब आणि त्याचे घर कसे चालते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

चालकांत पुष्कळ प्रकार आहेत. मोठ्या वाहतूक कंपनीचा पगारी चालक एक. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे राहिलेला दुसरा. आणि तिसरा तो, ज्याची गाडी स्वतःची, गाडीवरचे कर्ज स्वतःचे आणि चालकही स्वतःच. या तिसऱ्याला आपण मालक-चालक म्हणू. कोणी बीड, सातारा, सांगलीकडून पोटासाठी आलेला, कामोठ्यात किंवा खांदा कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहणारा असतो. कोणी पंजाब-हरियाणातून येऊन कळंबोलीत स्थिरावलेला. तर कोणी येथलाच, नव्या मुंबईसाठी ज्याच्या बापाची भातशेती सरकारने घेतली, अशा घरातला. शेत गेले, भरपाईचे चार पैसे हाती आले, त्यांतून काहींनी डंपर घेतले, काहींनी ट्रेलर. जमिनीच्या बदल्यात चाके, असा तो सौदा होता.

या माणसाला लोक 'शेठ' म्हणून हाक मारतात. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतला दलालसुद्धा, भाडे पाडून मागताना, 'शेठ' म्हणूनच बोलतो. तेव्हा या शेठपणाची किंमत किती, ते आधी पाहू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. गाडी, रस्ता आणि हंगाम बदलला की ते बदलतील. पण हिशेबाची घडण मात्र हीच राहते.

समजा, दहा चाकी गाडी आहे आणि ती महिन्याला ५,००० किलोमीटर धावते. लिटरला ४ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर १,२५० लिटरांचे १,१२,५०० रुपये झाले. कर्जाचा हप्ता ५०,०००. विमा, रस्ताकर, राष्ट्रीय परवाना आणि पासिंग यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर महिना १२,०००. टायरांची झीज १२,५००. टोल २५,०००. तेलपाणी, ग्रीसिंग, पाटे, ब्रेकची दुरुस्ती मिळून ८,०००. दलाली, वाराई, काटा, गाडी उभी करण्याचे पैसे आणि वाटेवरचे जेवण २०,०००. एकूण २,४०,०००. आता जाताना भरलेली आणि येताना कधी भरलेली, कधी रिकामी, अशी सरासरी धरून किलोमीटरला ५४ रुपये भाडे पडले तर जमा २,७०,०००. शिल्लक ३०,००० रुपये.

हा नफा म्हणावयाचा की काय? वही लिहिणारा नफाच म्हणतो. पण या वहीत एक रकाना नाही. चालकाचा पगार! याच गाडीवर दुसरा माणूस ठेवला असता तर त्याला पगार आणि भत्ता मिळून पंचवीस हजार तरी द्यावे लागले असते. ते वजा केले तर मालकाच्या पदरात राहतात पाच हजार. आणि गाडी घेताना त्याने जी काही लाखांची रोकड घातली, बायकोचे दागिने मोडले किंवा गावचा तुकडा विकला, त्या साऱ्या भांडवलाचे फळ एवढेच. म्हणजे ज्याला तो नफा समजतो तो वस्तुतः त्याचाच पगार असतो.

येथे बाजाराचा एक चमत्कार ध्यानात घेतला पाहिजे. हजारो मालक-चालक जेव्हा आपली मजुरी हिशेबात धरीतच नाहीत, तेव्हा भाडेही त्या बेताने खाली येते. पगारी चालक ठेवणाऱ्याला परवडणार नाही अशा दराला हा 'हो' म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यापुढे महिनाअखेरचा हप्ता असतो. उभ्या गाडीपेक्षा धावती गाडी बरी, हा त्याचा विचार. तो चुकीचाही नाही. पण एकाने 'हो' म्हटले की दुसऱ्यालाही म्हणावे लागते. आता मोबाइलवर भाडी मिळू लागली. दलालाची मक्तेदारी थोडी सैल झाली हे खरे, पण बोली उघड्यावर आल्याने दर खाली ओढण्याचे कामही अधिक जोरात चालते.

आता खरा मुद्दा. महिन्याचे तास ७२०. पाच हजार किलोमीटर, घाट आणि गर्दी धरून, ताशी सरासरी ३५ च्या वेगाने तोडावयाचे तर दीडशे तासही लागत नाहीत. महिन्यातले पाच दिवस तो घरी राहिला असे उदारपणे धरले तर ते १२० तास. दोन्ही वजा जाता ४५० तास उरतात. हे तास जातात कोठे?

ते जातात उभे राहण्यात. कळंबोलीच्या बाजारात सकाळी गाडी लावली की नंबर येईपर्यंत थांबा. रिकाम्या गाडीचा काटा करा, मग माल भरा. पोलादाची कॉइल असेल तर क्रेनची वाट पाहा, ती घरंगळू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे द्या, साखळ्यांनी जखडा. पुन्हा भरलेला काटा. मग बिल्टी, चलन आणि ई-वे बिल येईपर्यंत थांबा. बंदराकडे कंटेनर न्यावयाचा तर फॉर्म तेरा हाती पडेपर्यंत थांबा, नंतर दारापाशी रांगेत थांबा. उतरणीच्या गावी पोचावे तो रविवार; कारखान्याचे दार सोमवारी उघडणार. सोमवारी उघडले तर आतला माल हलविल्याशिवाय नव्याला जागा नाही. माल खाली झाला की पोच घ्या आणि परतीच्या भाड्यासाठी पुन्हा कोणा दलालाच्या बाकावर बसा. भाड्याचा मोठा भाग आगाऊ मिळतो, बाकी पोच दिल्यावर. ती 'बाकी' वसूल करण्याच्या खेपा वेगळ्याच, आणि त्यांना भाडे नाही.

या थांबण्याला कोणी पैसे देत नाही. करारात 'ताटकळल्याचे' पैसे कधी लिहिलेले असतात. पण मागावयास गेले की पुढच्या वेळी माल मिळत नाही. आपल्या उदाहरणात दोन-चार दिवस दारात गेल्याने ५०० किलोमीटरची एक खेप हुकली असे धरा. जमेतून २७,००० गेले. डिझेल, टोल आणि टायर यांचे वाचले सुमारे १५,०००. हप्ता, विमा आणि पोट थांबत नाहीत. तीस हजारांची शिल्लक अठरा हजारांवर आली. घरातले दूध, मुलांची फी आणि खोलीचे भाडे कोणा अनोळखी गोदामाच्या दारावर ठरते, ते असे.

पूर्वी ही रांग जकातनाक्यावर लागत असे. महाराष्ट्रात बहुतेक शहरांची जकात २०१५ पर्यंत गेली, मुंबईची १ जुलै २०१७ ला वस्तु-सेवा कराबरोबर संपली. राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराच्या चौक्याही उठल्या. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. या सुधारणांनी चालकाचे तास वाचविले यात शंका नाही. पण वाचलेला वेळ त्याच्या घरी पोचला काय? ई-वे बिलात प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस, अशी मुदत बांधलेली असते, व्यापाऱ्याला माल पूर्वीपेक्षा लवकर हवा असतो. आणि सरकारी नाक्यावरची रांग उठून खासगी दारात जाऊन बसली आहे. नाक्यावर निदान ओरडता तरी येत असे.

हीच गाडी भरणारा माथाडी कामगार पाहा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडींचा कायदा झाला; लोखंड बाजारातील कामगारांसाठी मंडळ आहे. नोंद झालेल्या माथाडीच्या मजुरीचा दर ठरतो, भविष्यनिर्वाह निधी जमतो, ओझ्याखाली हात सापडला तर विचारणारे कोणीतरी असते. ही पुष्कळ झगड्यानंतर मिळालेली गोष्ट आहे आणि ती मिळालीच पाहिजे होती. पण त्याच फलाटाला लागलेल्या गाडीत बसलेला माणूस, ज्याची मिळकत कित्येकदा त्या माथाडीहून अधिक नसते, तो मात्र मालक! वाराईवरून दोघांत खटके उडतात ते यामुळेच. एक म्हणतो, 'गाडी तुझी, तू दे'. दुसरा म्हणतो, 'माल व्यापाऱ्याचा, मी का देऊ?' आणि ज्याने द्यावयाचे तो व्यापारी आपल्या पेढीवर असतो.

कामाच्या तासांचेही तेच. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे त्यात होते. तो कायदा आता २०२० च्या संहितेत सामावला गेला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार पदरी असणाऱ्यांसाठी होता; आणि मालक-चालक तर कोणाचा कामगारच नव्हे. त्याने सोळा तास गाडी हाकली तर त्याला सक्ती कोणी केली? त्याच्याच मालकाने, म्हणजे त्यानेच. युरोपीय संघाच्या देशांत दिवसाला साधारण ९ तास आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे विश्रांती असा नियम आहे, गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते, आणि तो स्वतःची गाडी चालविणाऱ्यालाही सारखाच लागू आहे. कारण सरळ आहे. झोप ही पगारी माणसाला येते आणि मालकाला येत नाही, असे थोडेच आहे?

झोपेचा हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आपलाही आहे. आणि तो कळावयाचा तर बोरघाटात जावे लागेल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंच आहे. खाली खोपोलीपर्यंत पाचशे मीटरांहून अधिक उतार. अठ्ठावीस टनांची भरलेली गाडी एवढी खाली आणावयाची म्हणजे तिच्या वजनात साठलेली शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. हिशेब केला तर ती शक्ती सुमारे पाचशे लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्याइतकी भरते. चालक नुसता ब्रेकवर उतरू लागला तर त्यातली बहुतेक उष्णता चाकांच्या लोखंडी ड्रमांत शिरते. ड्रम तापून फुगतात, ब्रेकच्या लायनिंगची पकड सुटते, पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. शिवाय वारंवार दाबल्याने टाकीतली हवाही उतरते. म्हणून जुने चालक नव्याला पहिला धडा देतात तो हा, की ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. गिअरात असलेले इंजिन गाडीला मागे खेचून धरते आणि ब्रेक ऐन वेळेसाठी राखून राहतो. उलट डिझेल वाचविण्याच्या लोभाने जो गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, त्याने शे-दोनशे रुपयांसाठी गाडी, प्राण आणि पुढच्या मोटारीतले कुटुंब पणाला लावलेले असते.

हे सारे चालकांना ठाऊक असते. मग अपघात का होतात? पहाटे तीन-चारच्या सुमारास, दिवसभर उन्हात रांगेत तापलेला माणूस घाटाच्या तोंडाशी येतो तेव्हा ठाऊक असलेले आठवावयास लागणारा क्षणही त्याच्याजवळ नसतो. शहरांतील अवजड वाहनांच्या बंदीमुळे आणि सकाळी दारात हजर राहण्याच्या अटीमुळे त्याला रात्रीच चालावे लागते. दिवसा थांबलेला वेळ झोपेच्या कामाचा नसतो, कारण नंबर केव्हा येईल याचा नेम नाही. त्यात जादा भार. पूर्वी जोडीला क्लीनर असे, तो बोलत राही, डुलकी लागली तर हलवी. खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळांनी क्लीनर काढून टाकला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट ज्याने दाखविली तो हा धनगर, अशी आख्यायिका सांगतात. त्याच्यापुढे नाणे टाकल्यावाचून पुढे न जाणारे चालक आजही आहेत.

जादा भाराविषयी दोन शब्द. २०१८ साली केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढविली. चार टायरांच्या मागच्या आसाला १०.२ टन होते ते ११.५ झाले. हेतू चांगला होता, गाडीने अधिक माल न्यावा आणि अधिक मिळवावे. पण सर्वच गाड्यांची क्षमता एका रात्रीत वाढल्याने मालापेक्षा गाड्या जास्त झाल्या, अशी वाहतूकदारांची तक्रार होती. मर्यादेपलीकडे भरल्यास २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तरी मोह होतोच, कारण आणखी दोन टनांना डिझेल फारसे लागत नाही आणि भाडे मात्र टनावर मिळते.

आता घराकडे वळू. नवरा बाहेर, म्हणजे बायको नुसती वाट पाहत बसली आहे, असे चित्र कोणी डोळ्यापुढे आणू नये. या धंद्याची निम्मी कचेरी त्या खोलीत असते. विमा कोणत्या तारखेला संपतो, पासिंग केव्हा आहे, हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे आहेत की नाहीत, कोणत्या ट्रान्सपोर्टकडे किती बाकी आहे, हे पुष्कळदा तीच सांभाळते. बिल्टीचा फोटो नवऱ्याने पाठविला की तो दलालाकडे पुढे धाडणे, पैसे आले का ते पाहणे, न आल्यास 'दादा, दोन दिवस झाले' म्हणून फोन करणे, ही तिची कामे. तिचाही पगार त्या वहीत नाही. मुलांची शाळा, सासूचे औषध आणि पाण्याची बोंब ही तर निराळीच.

पूर्वी खुशाली कळावयाची ती ढाब्यावर ठेवलेल्या निरोपावरून किंवा रात्री उशिरा एस.टी.डी.च्या खोपटातून आलेल्या फोनवरून. आता मोबाइलमुळे मुलगा बापाला रोज बघतो. पण तेथेही एक शिस्त अशी घरांनी लावून घेतली आहे की गाडी चालू असेल तर फोन करावयाचा नाही, त्याचा येईल तेव्हा बोलावयाचे. घाटातला अपघात बातम्यांत दिसला की ही शिस्त मोडते. भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तेव्हा २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी देशभर चालक रस्त्यावर उतरले. ती पोटकलम १ जुलै २०२४ ला संहितेबरोबर अमलात आली नाही. चालक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा. पळून जाण्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण जमावाची भीती खोटी होती, असेही म्हणवत नाही.

सणांचे म्हणाल तर दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा होते. त्या दिवशी तो बहुधा घरी असतो. दिवाळीचा नेम नाही, कारण दिवाळीच्या आधी भाडी चांगली असतात. गणपतीत मात्र गोवा महामार्गावर अवजड वाहनांना सरकार काही दिवस बंदी करते. ज्याची खेप त्या रस्त्याची, त्याला सक्तीची सुट्टी मिळते. आरतीला बाप घरी आहे म्हणून मुले खूष, आणि गाडी उभी आहे म्हणून बापाचे चित्त हप्त्याकडे!

या धंद्यात चांगले दिवस नसतातच असे नाही; ते येतात, पण कधी येतात ते पाहण्यासारखे आहे. नव्या गाडीचे कर्ज चार-पाच वर्षांत फिटते. तोवर आर.सी. बुकावर कर्ज देणाराचे नाव असते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. इंजिनचे काम, चेसिसचे काम, पाटे, सारे त्याच सुमारास अंगावर येते. म्हणजे हप्ता संपला आणि दुरुस्ती अजून सुरू झाली नाही, अशी मधली तीन-चार वर्षे हाच त्याचा सुगीचा काळ. घराची पागोळी दुरुस्त होते ती तेव्हा, मुलीचे लग्न होते ते तेव्हा, कोणी मुलाला आय.टी.आय. किंवा इंजिनियरिंगला घालतो तेही तेव्हाच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मालमोटारींना थंड हवेची केबिन सक्तीची झाली आहे. पण ज्याची सुगी चालू आहे तो जुन्याच गाडीत, खिडकी उघडी टाकून, मानेला ओला टॉवेल गुंडाळून बसलेला असतो. सुगी संपता संपता त्याच्यापुढे दोन कागद येतात. एक नव्या गाडीच्या कर्जाचा अर्ज. दुसरा जुनी गाडी विकण्याचा. वय पन्नाशीला टेकलेले, कंबर धरलेली, रात्री समोरचा दिवा डोळ्यांत फुटू लागलेला. मुलगा 'नको' म्हणतो. बायको वही काढून बसते आणि दोघे मिळून पुन्हा एकदा बेरीज करू लागतात. चालकाच्या पगाराचा रकाना याही वेळी त्या वहीत नसतो.